मिस्त्रींच्या बोटांनी पाहिलेलं अहमदाबाद

माझ्या ऑफिसच्या भिंतीवर गेली अठरा वर्षं एक फोटो लटकतो आहे. विटांची रुंद, चपटी कमान, तिच्या पायथ्याशी काँक्रीटचा आडवा पट्टा आणि मागे काळोखी सावली. अहमदाबादच्या आयआयएममधला, कॉलेजच्या स्टडी टूरला मीच काढलेला. आमचे मिस्त्री दर शनिवारी हिशेबाला येतात तेव्हा नेमके त्या फोटोकडे तोंड करून बसतात. गेल्या दिवाळीत त्यांनी विचारलं, "ताई, ही कमान एवढी चपटी हाय. मग अजून बसली कशी न्हाई?"

मी इमारती आखते, मिस्त्री त्या बांधतात. मूळचे धाराशिवकडचे. १९७२ च्या दुष्काळात वडिलांचं बोट धरून पुण्याला आले आणि तेव्हापासून विटेशीच संसार. त्यांची बायको, आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो, तीस वर्षं बिगारीचं काम करत होत्या. माल कालवायचा, पाट्या उचलायच्या, भिंतीवर पाणी मारायचं. दोघांनी मिळून माझी चौदा घरं उभी केली, पण कामासाठी सोडून दुसरी एकही इमारत बघायला म्हणून ते कधी गेले नव्हते. मिस्त्री या वर्षी थापी मुलाच्या हातात देणार होते. मी म्हटलं, चला, कमान प्रत्यक्षच बघू.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, रविवारी रात्रीच्या गाडीने निघालो. मावशींनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदे बांधून आणले होते. वडोदऱ्यापर्यंत डबा रिकामा झाला.

पहिला दिवस, सोमवार

लाल दरवाजाजवळ खोल्या घेतल्या होत्या. सामान टाकून थेट साबरमती आश्रम. सकाळी हवेत गारवा होता, मावशींनी शाल सोडली नाही. हृदयकुंज, म्हणजे गांधीजींचं राहतं घर, बघून झाल्यावर पलीकडच्या संग्रहालयात शिरलो. हे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांचं १९६३ सालचं काम. तेव्हा ते जेमतेम तिशी ओलांडलेले. ६ मीटर बाय ६ मीटरचा एक चौक, तसे अनेक चौक एकमेकांना लागून. काही बंद, काही उघडे, मध्ये पाण्याचं कुंड. विटांचे खांब, दगडी फरशी, कौलारू छप्पर, लाकडी झडपा. खिडकीला काच नाही. आश्रमातल्या जुन्या झोपड्यांत जे सामान आहे तेच इथे आहे, फक्त नव्या हिशेबाने मांडलेलं.

मी मांडणीबद्दल सांगत होते आणि मिस्त्री वर बघत होते. दोन खांबांमधली काँक्रीटची तुळई त्यांना खटकली होती. वरून पोकळ, नळ्यासारखी. थोडा वेळ त्यांनी कौलांचा उतार डोळ्यांनी मोजला आणि मग हसले. "तुळई आन पन्हळ एकच केलीया. कौलाचं पाणी हिच्यातनंच जाणार. येगळी पन्हळ लावायचं कामच न्हाई." कॉलेजात मी या इमारतीचा प्लॅन तीनदा काढला होता. तुळईतून पाणी वाहतं हे वाचलंही होतं. पण ते छपराच्या उतारावरून कुणी आपणहून ओळखलेलं पहिल्यांदाच पाहिलं. मावशींना मात्र इथे पावसातच यायला हवं होतं असं वाटलं. मलाही.

(आश्रमात प्रवेश विनामूल्य आहे. सहलीच्या बस यायच्या आत जावं. दहानंतर चौकातली शांतता राहत नाही.)

दुपारी आश्रम रोडवरची मिल मालक संघाची इमारत, आत्मा हाऊस. फ्रान्सचे नामवंत वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांना पन्नाशीच्या दशकात या शहराने बोलावून घेतलं. त्यांच्या हातून इथे चार इमारती झाल्या, त्यांतली ही १९५४ ची. ते वर्षातून थोडेच दिवस भारतात येत. पॅरिसला त्यांच्या ऑफिसात काम केलेले वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी १९५४ साली अहमदाबादला परतले आणि इथली कामं बघू लागले. म्हणजे कागद पॅरिसचा, नजर दोशींची आणि हात अहमदाबादचे.

रस्त्याच्या बाजूला, पश्चिमेकडे, काँक्रीटच्या उभ्या पात्या तिरक्या बसवल्या आहेत. दुपारचं ऊन अडतं, वारा आत येतो. मागे नदीच्या बाजूला पात्या सरळ आहेत. उत्तर-दक्षिणेच्या भिंती विटांच्या, जवळजवळ बंद. लांब उतारावरून चालत आपण पहिल्या मजल्यात शिरतो तेव्हा रस्त्याचा आवाज हळूहळू मागे राहतो.

इथे मिस्त्री बराच वेळ काहीच बोलले नाहीत. काँक्रीटच्या अंगावर सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या लाकडी साच्याच्या, फळ्यांच्या खुणा आहेत. आपल्याकडे अशा खुणा गिलाव्याखाली झाकायची घाई असते. मिस्त्री त्या खुणांवरून बोट फिरवत गेले, मग सभागृहापाशी थांबले. "ताई, हे गवंड्याचं काम न्हाई. हे सुताराचं हाय. काँक्रीट काय, वतलं की झालं. पण असला साचा आधी लाकडात उभा केला आसंल कुणीतरी. ते घर तर आपल्याला दिसतच न्हाई."

मी तिथेच पायरीवर बसले. खरंच, प्रत्येक काँक्रीटच्या इमारतीआधी तिथे एक लाकडी इमारत उभी राहते, तेवढीच मोठी, तेवढीच अचूक, आणि काम झालं की ती उकलून दुसऱ्या साइटला जाते. वीस वर्षं मी सेंट्रिंगची बिलं पास करते आहे. हा विचार माझ्या मनात आला नव्हता.

(ही चालू ऑफिसची इमारत आहे. कामाच्या दिवशी जावं आणि आत शिरण्याआधी तिथल्या माणसांना विचारावं. आम्हाला कुणी अडवलं नाही, पण सभागृह उघडून मिळेलच असं नाही.)

तिथून रिक्षाने गुफा हे जमिनीखालचं कलादालन बघायला गेलो तर दार बंद. सोमवारी सुट्टी असते. मी पाहून ठेवायला हवं होतं. मावशींचे पाय दुखत होते, म्हणून सरळ लाल दरवाजाला परतलो आणि लकीमध्ये चहा-मस्काबन घेतला. या हॉटेलात टेबलांच्या मधोमध जुन्या कबरी आहेत, हिरवा रंग दिलेल्या, कठड्यात जपलेल्या. लोक त्यांच्या शेजारी बसून निवांत चहा पितात. भिंतीवर चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी दिलेलं चित्र आहे. मावशींनी बसण्याआधी कबरीला हात जोडले.

चालत दोन मिनिटांवर सिदी सैयदची मशीद. १५७२-७३ ची, गुजरातच्या सुलतानशाहीच्या अगदी शेवटच्या दिवसांतली. मागच्या भिंतीतल्या अर्धगोल कमानींत दगडी जाळ्या आहेत. त्यातली झाडाची जाळी सगळ्यांना माहीत असते, आयआयएमच्या बोधचिन्हातही तीच आहे. फांद्या एकमेकींत गुंतत वर जातात, मध्ये ताडाचं झाड सरळ उभं. मावळतीचं ऊन मागून आलं की दगड नाहीसा होतो आणि फक्त फांद्या उरतात. मिस्त्री म्हणाले, "यात एक फांदी तुटली असती तर पुन्हा पहिल्यापासून." मग बराच वेळ आम्ही तिघंही रस्त्यापलीकडच्या फुटपाथवर नुसते उभे होतो.

दुसरा दिवस, मंगळवार

महापालिकेचा हेरिटेज वॉक १९९७ पासून चालू आहे. काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून सकाळी आठच्या सुमारास निघतो आणि जामा मशिदीत संपतो. अंतर फार नाही, पण अडीच-तीन तास उभं राहायची तयारी हवी. चपला सहज निघतील अशा घालाव्यात.

मंदिर १८२२ चं, बर्मा सागवानात कोरलेलं आणि भडक रंगांत रंगवलेलं. त्याच्यामागून पोळी सुरू होतात. पोळ म्हणजे एका दरवाजाच्या आत वसलेली गल्ली, तिची स्वतःची विहीर, देऊळ, आणि पक्ष्यांना दाणे टाकायला खांबावर बांधलेला चबुतरा. २०१७ साली युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला तो मुख्यतः या पोळींमुळे.

पोळीतली घरं लाकडी सांगाड्याची. विटांच्या भिंतीत ठरावीक अंतरावर आडवी लाकडं घातलेली आणि लाकडी खांब दगडाच्या उथाळ्यावर, जमिनीपासून वर, म्हणजे वाळवी आणि ओल चढत नाही. उथाळा दिसल्याबरोबर मिस्त्रींना वाडे आठवले. पुण्यात असताना त्यांनी कितीतरी वाडे उतरवले आहेत, आणि ते काम त्यांना कधीच आवडलं नाही. आमच्या गाइडने सांगितलं की १८१९ आणि २००१ च्या भूकंपांत अशी बरीच घरं हलली पण उभी राहिली. मिस्त्रींनी मान डोलावली. "वीट एकटी आसली की फुटते. लाकूड संगं आसलं की ती पन लवायला शिकते."

एका घराच्या ओट्यावर एक आजी शेंगा निवडत होत्या. मावशी त्यांच्यासमोर टेकल्या. एकीची गुजराती, दुसरीची मराठवाडी, आणि दोघींचं अगदी छान चाललं होतं. थोड्या वेळाने आजींनी आम्हाला आत बोलावलं. मधल्या चौकाच्या फरशीत एक झाकण होतं. उघडलं तर खाली काळोख आणि गार हवेचा झोत. टांकं. गच्चीवरचं पावसाचं पाणी नळीने खाली येतं, चुन्याच्या गिलाव्याच्या या कोठीत वर्षभर राहतं. उजेड नाही, म्हणून शेवाळ नाही. मघा नक्षत्राचं पाणी सगळ्यात चांगलं, ते साठवायचं, असं आजी म्हणाल्या. त्यांनी दोरीने छोटी कळशी सोडून पाणी काढलं. चव मऊ होती, कसल्याही वासाशिवाय.

मावशींनी झाकणाच्या कडेचा चुना नखाने चाचपला. "घोटीव हाय," एवढंच म्हणाल्या. बाहेर आल्यावर सांगितलं की लहानपणी त्यांनी आईबरोबर चुन्याची घाणी पाहिली होती. बैल फिरतोय, चाक फिरतंय, आणि बाया पाणी घालतायत. चुना आठवडे भिजवायचा, मग मळायचा, मग भिंतीवर गोट्याने घोटत राहायचं. "तुमच्या सिमेंटला एक रात. चुन्याला म्हैना. पन चुना श्वास घेतो." बत्तीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट मिस्त्रींनीही पहिल्यांदाच ऐकली, असं ते नंतर म्हणाले.

जामा मशीद १४२४ ची, २६० खांबांची. आतल्या सावलीत बसून पाय मोकळे केले. हिचे मिनार १८१९ च्या भूकंपात अर्धे कोसळले.

कापडाचं कॅलिको म्युझियम मात्र हुकलं. मार्गदर्शकाबरोबरच आत जाता येतं, आणि आधी नोंदणी लागते. आम्हाला जागा मिळाली नाही. जाणाऱ्यांनी प्रवासाची तारीख ठरली की पहिलं काम तेच करावं.

संध्याकाळी चारनंतर गुफा. दोशी वास्तुरचनाकार, हुसेन चित्रकार, साल १९९५ च्या आसपास. जमिनीवरून दिसतात ते फक्त पांढरे फुगवटे, एकात एक मिसळलेले, आणि त्यांवर सरपटणारा काळा नाग. खाली उतरलं की गुहा. खांब तिरके, छत लाटांसारखं, सरळ रेष नावाला नाही, आणि त्या सगळ्यावर हुसेन यांच्या आकृत्या.

कवच फेरोसिमेंटचं आहे, जाडी जेमतेम इंचभर. आकार संगणकावर तपासला आणि बांधला आदिवासी मजुरांनी, साध्या हत्यारांनी. मिस्त्रींचा पहिला प्रश्न हाच होता, "सेंट्रिंग कशावर उभं केलं?" साचा नव्हताच. सळया आणि जाळी वाकवून आकार केला आणि त्यात मसाला हाताने दाबून भरला. एवढं ऐकल्यावर ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले, जणू ती किती जाड आहे ते पाठीला कळणार होतं. मावशी मात्र खुशीत होत्या. गुडघ्याएवढ्या उंचीपासून वरपर्यंत त्या गिलाव्यावर हात फिरवत चालल्या. "हे थापीनं न्हाई केलेलं. हातानं थापलंय. सारवल्यासारखं." पाहणाऱ्या सगळ्यांचे डोळे हुसेन यांच्या चित्रांवर होते. मावशी चित्रांखालची भिंत बघत होत्या.

रात्री माणेक चौक. दिवसा इथे सोन्याचांदीचा बाजार, रात्री दुकानांची शटरं पडली की त्याच चौकात खाण्याच्या गाड्या. खिचू खाल्लं, तांदळाच्या पिठाची वाफाळती उकड, वर कच्चं तेल आणि तिखट. मिस्त्रींना आमची उकडच आठवली आणि त्यांनी दुसरी डिश मागवली. डाळीतली साखर त्यांना चार दिवसांत पटली नाही ती नाहीच.

तिसरा दिवस, बुधवार

आयआयएमच्या जुन्या आवारात जायला आधी परवानगी लागते. माझ्या मैत्रिणीची मुलगी तिथे शिकते, तिने सगळं जमवून ठेवलं होतं. फाटकाशी उभी होती. मिस्त्रींना ती लगेच आजोबा म्हणू लागली.

संस्था १९६१ ची. विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई यांनी उभी केली. इमारतींचं काम आधी दोशींकडे यायचं होतं. त्यांनीच अमेरिकी वास्तुरचनाकार लुई कान यांचं नाव सुचवलं आणि स्वतः इथल्या कामाची बाजू सांभाळायचं पत्करलं. आपल्याकडे आलेलं एवढं मोठं काम दुसऱ्याच्या हाती द्यायचं आणि मग त्याच्या शेजारी उभं राहायचं. मला दोशींच्या सगळ्या इमारतींपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते. कान १९७४ साली न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनवर वारले, भारतातून परतताना. पुढचं काम वास्तुरचनाकार अनंत राजे यांनी नेलं. मुंबईत जन्मलेले, जे. जे. मध्ये शिकलेले, कान यांच्या फिलाडेल्फियाच्या ऑफिसात राहून आलेले. आवारातली नंतरची कितीतरी कामं राजे यांची आहेत. मराठी माणसांत त्यांचं नाव फार थोड्यांना माहीत आहे, याचं मला वाईट वाटतं.

चौकात शिरलो. तीन बाजूंनी लाल वीट, मध्ये हिरवळ, सकाळच्या उन्हाच्या लांब सावल्या. मिस्त्री चौकात थांबलेच नाहीत. ते थेट एका कमानीखाली गेले आणि मान वर करून उभे राहिले. फोटोतलीच असावी, किंवा तिची बहीण.

बऱ्याच वेळाने त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. मावशींना आणि त्या मुलीला समोर बसवलं. दोन्ही हातांची बोटं टेकवून कमान केली. "वरनं वजन आलं की कमानीचे पाय भायेर फाकत्यात. उंच कमान कमी फाकती, चपटी लई फाकती. मग भिंत जाड करा, न्हाईतर..." त्यांनी टॉवेल दोन्ही मनगटांना बांधून ताणला. "हा बघा कंबरपट्टा. हे काँक्रीट तेच करतंय. वीट ढकलतीया, काँक्रीट धरतंय."

दाबायला वीट बळकट, ओढायला सळईचं काँक्रीट बळकट. दोघांनी आपापलं काम वाटून घेतलं म्हणून कमान एवढी चपटी होऊ शकली. कान यांनी तो पट्टा लपवला नाही, भिंतीवर उघडा ठेवला. अठरा वर्षं भिंतीवर टांगलेल्या प्रश्नाचं उत्तर टॉवेलाने दोन मिनिटांत दिलं. ती मुलगी म्हणाली, "आजोबा, मी रोज याच्याखालून जाते." आणि मग तिने पुढचा तास त्यांना सोडलं नाही. हा थर असा का, हा सांधा एवढा बारीक कसा, गोल भोकाच्या वरच्या विटा पडत का नाहीत. गोल भोक म्हणजे दोन कमानी, एक सुलटी आणि एक उलटी, हे तिला कळलं तेव्हा ती चक्क टाळी वाजवून हसली.

काळजी वाटावी असंही बरंच दिसलं. काही ठिकाणी विटेला लोणा, म्हणजे खार, लागला आहे, बोट लावलं की पूड सुटते. विटेत घातलेली लोखंडी सळई गंजली की फुगते आणि भिंत आतून चिरते. २००१ च्या भूकंपाचा मारही बसलेला. २०२० च्या शेवटी संस्थेने बरीचशी जुनी वसतिगृहं पाडून नवी बांधायचा विचार जाहीर केला, जगभरातून विरोध झाला आणि १ जानेवारी २०२१ ला तो मागे घेतला. प्रश्न तेवढ्याने सुटला नाही, कारण पोरांनी पडक्या छताखाली राहावं असं कुणीच म्हणणार नाही. पण विक्रम साराभाई ग्रंथालयाचं जतन वास्तुरचनाकार ब्रिंदा सोमाया यांच्या ऑफिसने करून दाखवलं आहे, २०१९ मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. मिस्त्रींना मी जुनं आणि दुरुस्त केलेलं वीटकाम दोन्ही दाखवलं. दुरुस्तीचे सांधे त्यांनी नखाने तपासले आणि म्हणाले, "ज्यानं केलंय त्यानं आधीच्या गवंड्याचा हात वळखलाय. त्याच्याच चालीनं चाललाय." माझ्या मते जतनाच्या कामाला याहून मोठं प्रमाणपत्र नाही. जुनी भिंत उभी ठेवण्यासाठी पैसा लागतो, अभ्यास लागतो, आणि असा हात लागतो. यातला तिसरा आपण फार झपाट्याने गमावतो आहोत.

जेवण मेसमध्ये झालं. दुपारी 'संगाथ', दोशींचं ऑफिस. हेही आधी कळवून जावं, कारण आत ऑफिस चालू असतं. संगाथ म्हणजे सोबतीने चालणं. आपला 'सांगाती' तोच. दोशी १९२७ साली पुण्यात जन्मले, घरचा धंदा फर्निचरचा, म्हणजे लाकडाच्या भुश्शात वाढलेलं पोर. २०१८ मध्ये वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळालेले ते पहिले भारतीय. २०२३ च्या जानेवारीत गेले.

१९८० च्या सुमाराची ही वास्तू अर्धी जमिनीत आहे. वर लांबट अर्धगोल छपरं, बाजूने पाण्याच्या पन्हळी, गवताच्या पायऱ्या. छपराच्या काँक्रीटमध्ये मातीच्या पोकळ नळ्या बसवल्या आहेत, त्यांत अडकलेली हवा ऊन खाली उतरू देत नाही. आणि छपराच्या पाठीवर फुटक्या पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं आवरण.

मिस्त्री ते छप्पर बघून जागेवरच थांबले.

पुण्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग ज्यांनी करून घेतलं आहे त्यांना माहीत असेल. खाली वीटबंदी कोबा, वर चायना चिप्स. टाइलच्या दुकानातून फुटका माल पोत्यात भरून आणायचा, हातोडीने आणखी फोडायचा आणि उन्हात उकिडवं बसून एकेक तुकडा मसाल्यात दाबायचा. मिस्त्रींचं निम्मं आयुष्य त्यात गेलं. वर गच्चीत, टाकीच्या मागे, कुणी बघत नाही तिथे. गिऱ्हाइक विचारतं ते एवढंच की गळेल का.

"ताई, ह्या साहेबांनी हे दर्शनी लावलंय," ते म्हणाले. मग खाली वाकून तुकड्यांमधलं अंतर बघितलं. वळणावर तुकडे बारीक, सपाटीला मोठे. दोन तुकड्यांच्या मधे करंगळीचं नख जेमतेम बसेल एवढी फट. त्यांनी मावशींना हाक मारली आणि दोघं जण त्या छपराच्या कडेला, गवतावर, कितीतरी वेळ बसून राहिले. मी लांब गेले. काय बोलले ते मला माहीत नाही.

चौथा दिवस, गुरुवार

गाडी ठरवून सकाळीच अडालजला निघालो, शहरापासून साधारण १८ किलोमीटर. पाच मजली पायविहीर, १४९९ सालची. वाघेला राजाने सुरू केली, तो लढाईत गेला, आणि सुलतान महमूद बेगड्याच्या काळात राणी रुडाबाईच्या नावाने पुरी झाली. तीन बाजूंनी पायऱ्या उतरतात आणि एका चौथऱ्यावर मिळतात, तिथून एकच वाट पाण्याकडे. प्रत्येक मजला उतरला की अंगावरचं ऊन कमी होतं. तिसऱ्या मजल्यावर मावशींनी पुन्हा शाल काढली. (साडेदहा-अकराच्या पुढे सूर्य डोक्यावर आला की उजेड खालपर्यंत पोचतो, तेव्हा कोरीवकाम सगळ्यात छान दिसतं.)

खांबांच्या रांगा आणि त्यांच्यावरच्या दगडी तुळया बघताना मी नक्षीत हरवले होते. मिस्त्रींनी दाखवलं ते वेगळंच. बऱ्याच तुळयांवर छतच नाही, वर आभाळ. मग त्या कशाला? "दोन्ही बाजूंनी मातीचा दाब हाय. हे दगड भिंतींना आत येऊ देत न्हाईत. आपन पाया खांदताना आडव्या बल्ल्या मारतो का न्हाई? तेच." पाचशे वर्षांपूर्वीच्या बल्ल्या, आणि त्यांवर वेली, हत्ती, पाळणे कोरलेले.

तिथून पेथापूर, गांधीनगरच्या पलीकडे. कापडावर छपाई करायचे लाकडी ठसे इथे कोरतात. पाटी लावलेली दुकानं फारशी नाहीत, विचारत गेलो. एका घराच्या पडवीत एक कारागीर मांडी घालून बसले होते, समोर बुटका ओटा, भोवती सागवानाचा भुसा. आमची हिंदी मोडकी, त्यांचीही. पण हत्यारांवर मिस्त्रींची नजर गेली आणि भाषेचा प्रश्न मिटला.

लाकूड आधी घासून आरशासारखं सपाट करतात. त्यावर पांढरा रंग देतात म्हणजे रेघ दिसते. कागदावरचं चित्र सुईने टोचून उतरवतात आणि मग कमानीच्या गिरमिटाने आणि बारीक छिन्न्यांनी नको ते लाकूड काढत जातात. एका नक्षीला एक ठसा पुरत नाही. बाहेरच्या रेघेचा तो रेख, जमिनीच्या रंगाचा गद, आतले रंग भरायचा दत्ता. सगळे एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजेत, केसभर चुकलं तर कापडावर फूल एकीकडे आणि रंग दुसरीकडे. मोठ्या ठशांना आरपार भोकं असतात, हवा आणि जास्तीचा रंग निघून जायला.

मिस्त्रींनी विचारलं, छापलेलं कापड घरात आहे का, बघायला मिळेल का. कारागीर थोडे थांबले. ठसे दुसऱ्या गावाला जातात, म्हणाले. छापणारे वेगळे, रंगवणारे वेगळे, विकणारे आणखी वेगळे. बरेचदा त्यांना तयार कापड बघायलाच मिळत नाही. मावशींनी पिशवीतून आपली जुनी चादर काढली, ठशाच्या छपाईची, गाडीत पांघरायला आणलेली. कारागिरांनी ती उजेडात धरली. रेघ कुठे जुळली आहे आणि कुठे सरकली आहे ते बोटाने दाखवत गेले. गद कुणा नवख्याने मारला असावा, रेख मात्र पक्क्या हाताची. मिस्त्री शेजारी बसून ऐकत होते, जसं आदल्या दिवशी ती मुलगी त्यांचं ऐकत होती.

निघताना मिस्त्रींनी एक छोटा ठसा विकत घेतला, बदामी आकाराच्या वेलबुट्टीचा. कारागिरांनी तो तेलाच्या फडक्याने पुसून वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. चहा घेतल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही.

रात्रीची गाडी वेळेवर होती. मिस्त्रींनी ठसा उशाशी ठेवला. पहाटे जाग आली तेव्हा ते खालच्या बर्थवर बसून खिडकीच्या उजेडात त्याच्या भोकांतून बघत होते. मला जागी बघून म्हणाले, "ताई, पुढच्या वारीला आपल्या सुताराला पन घेऊ. त्यानं त्या काँक्रीटवरच्या फळ्यांच्या खुणा बघाया पायजेत."